क्लॅरिनेटमधील ओलावा आणि स्वरोत्पत्तीतील अडथळे : नाशिकच्या ऋतुमानाच्या संदर्भात दोषनिदान

सारांश

क्लॅरिनेट या सुषिर वाद्यात स्वर उशिरा उमटणे, गुळगुळ आवाज येणे, खालचे स्वर न लागणे किंवा वाद्य अचानक किंचाळणे हे दोष वारंवार आढळतात. महाविद्यालयीन पातळीवर त्यांचे खापर बहुधा वादकाच्या अपुऱ्या दमावर फोडले जाते, अथवा पावसाळी हवेवर. प्रस्तुत लेखात या दोषांची भौतिक कारणे स्पष्ट करून निदानाचा एक निश्चित क्रम मांडला आहे. नाशिक परिसरातील पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा या तीन ऋतूंत एकाच लक्षणामागील कारण कसे बदलते, याचीही चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : क्लॅरिनेट, सुषिर वाद्ये, सांद्रीभवन, रीड, पॅड, स्वररंध्र, दोषनिदान.

१. प्रस्तावना

भारतीय संगीतशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग मानले जातात. बासरी आणि सनई ही आपल्या परिचयाची सुषिर वाद्ये होत. क्लॅरिनेट हे त्याच वर्गातील, परंतु युरोपात घडलेले वाद्य. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथील योहान ख्रिस्तोफ डेनर यांनी इ. स. १७०० च्या सुमारास त्याला आकार दिला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लष्करी बँडच्या मार्गाने ते भारतात आले आणि पुढे लग्नाच्या बँड पथकांत व मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुळले. मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरिनेटवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकांनी हा आवाज घरोघरी पोहोचविला. देवळाली आणि नाशिकरोड येथील लष्करी छावण्यांमुळे बँडचे संगीत नाशिककरांच्या कानाला परके नाही.

महाविद्यालयांत हे वाद्य दिसते ते राष्ट्रीय छात्र सेनेच्या बँडमध्ये, युवक महोत्सवाच्या वाद्यवृंदात किंवा संगीत विभागाच्या कपाटात. तेथे सहसा एकच वाद्य अनेक विद्यार्थी आळीपाळीने वापरतात आणि दुरुस्तीचा जाणकार जवळ असतोच असे नाही. अशा वेळी बिघडलेल्या वाद्यावर वाजविणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तुझा दम कमी पडतो’ असे सांगितले जाते व तो ते खरे मानतो. वाद्याचा दोष आणि वादकाचा दोष वेगळे ओळखता येणे ही म्हणूनच अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ठरते.

२. वाद्याची रचना आणि दोषांची स्थाने

क्लॅरिनेटचे माऊथपीस, बॅरल, वरचा भाग, खालचा भाग आणि कर्ण्याच्या आकाराची बेल असे पाच भाग असतात. ते बुचाच्या सालीचे वेष्टन असलेल्या सांध्यांनी जोडले जातात. माऊथपीसला नळ जातीच्या उंच गवतापासून तासलेली एक पत्ती, म्हणजेच रीड, बांधलेली असते. तिच्या टोकाची जाडी सुमारे एकदशांश मिलिमीटर असते. फुंकर पडताच ही पत्ती कंप पावते आणि नळीतील हवेचा स्तंभ निनादू लागतो.

सनईशी तुलना केली असता क्लॅरिनेटचे वेगळेपण लक्षात येते. सनईला चाव्या नाहीत. तिची स्वररंध्रे बोटांनीच झाकली जातात. पत्ती बिघडली तर सनईवादक वाद्यालाच दोऱ्याने अडकवून ठेवलेली दुसरी पत्ती लावतो. क्लॅरिनेटची स्वररंध्रे मात्र संख्येने अधिक आणि बोटांच्या आवाक्याबाहेर पसरलेली असतात. इव्हान म्युलर यांनी १८१२ च्या सुमारास तेरा चाव्यांचे वाद्य पुढे आणले आणि भरीव, मऊ पॅडचा वापर रूढ केला. त्यानंतर यासिंत क्लोझे व लुई-ओग्युस्त ब्युफे यांनी १८३९ ते १८४३ या काळात जी रचना सिद्ध केली, ती आज ‘बोएम पद्धती’ म्हणून ओळखली जाते. तिच्या प्रचलित नमुन्यात सतरा चाव्या आणि सहा कड्या असतात. चाव्यांमुळे वाद्याचा पल्ला वाढला. त्याचबरोबर प्रत्येक चावीखाली एक पॅड आणि प्रत्येक पॅडखाली हवा किंवा पाणी निसटण्याची एक जागा निर्माण झाली.

दोषांची स्थाने त्यामुळे चार ठरतात : नळीतील पाणी, पत्ती, पॅडखालील गळती आणि वाद्याचे लाकूड. या चारही ठिकाणी ओलावा पोहोचतो; मात्र तो प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वाटेने येतो.

३. नळीतील पाणी येते कोठून?

पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून वाद्यात पाणी साचते, असा समज सार्वत्रिक आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. नळीतील पाण्याचा उगम बाहेरच्या हवेत नसून वादकाच्या श्वासात असतो. तोंडावाटे बाहेर पडणारी हवा सुमारे ३४ अंश सेल्सिअस तापमानाची आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. ती थंड नळीला स्पर्श करते तेव्हा तिची बाष्पधारणक्षमता घटते व उरलेले बाष्प भिंतीवर थेंबरूपाने जमते. यालाच सांद्रीभवन म्हणतात.

संपृक्त हवेतील बाष्पाचे प्रमाण ३४ अंशांस दर घनमीटरला सुमारे ३७.६ ग्रॅम, २४ अंशांस सुमारे २१.८ ग्रॅम आणि १० अंशांस सुमारे ९.४ ग्रॅम असते. वादकाने शंभर लिटर हवा फुंकली असे गृहीत धरल्यास २४ अंशांच्या नळीत जास्तीत जास्त १.६ ग्रॅम, तर १० अंशांच्या नळीत २.८ ग्रॅम पाणी जमू शकते. ही वरची मर्यादा होय. प्रत्यक्षात काही बाष्प हवेबरोबर बाहेर जाते आणि वाजविता वाजविता नळी तापल्यावर सांद्रीभवन मंदावते. तरीही तुलना पुरेशी बोलकी आहे.

नाशिकमधील महाविद्यालयाचा बँड वर्षातून दोन वेळा हमखास वाजतो : १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला. ऑगस्टच्या सकाळी हवा दमट असली तरी तापमान चोविसाच्या आसपास असते. जानेवारीत हवा कोरडी असते, पण पहाटे पारा दहापर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो. निफाड परिसरातील थंडी तर राज्यभर परिचित आहे. वरील हिशोबानुसार प्रजासत्ताकदिनाच्या सकाळी नळीत जमणारे पाणी स्वातंत्र्यदिनाच्या तुलनेत पावणेदोन पट असू शकते. तात्पर्य, गुळगुळ आवाजाचा दोष हा मुख्यतः हिवाळ्याचा दोष आहे. पावसाळी दमटपणाचा परिणाम पत्ती, पॅड, स्प्रिंगा आणि लाकूड यांवर होतो.

४. निदानाचे मूळ सूत्र

दोष ओळखताना ‘वाद्य नीट वाजत नाही’ एवढे वर्णन उपयोगाचे नसते. दोन प्रश्न विचारावेत. पहिला, दोष किती स्वरांत आहे? दुसरा, तो केव्हा सुरू होतो?

(अ) दोष एकाच स्वरात असेल आणि पंधरा-वीस मिनिटे वाजविल्यानंतर सुरू होत असेल, तर त्या स्वराच्या रंध्रात पाणी शिरले आहे.

(आ) एका ठरावीक स्वरापासून खालचे सर्व स्वर जड लागत असतील आणि हा त्रास पहिल्या फुंकरीपासूनच असेल, तर त्या जागी किंवा तिच्या वर कोठेतरी गळती आहे.

(इ) सर्वच स्वर सारखे कष्टाने किंवा फुसके निघत असतील, तर पत्ती किंवा माऊथपीस तपासावे.

(ई) स्वर शुद्ध लागतो, पण चावी उघडताना ‘टक्’ असा आवाज होऊन तो क्षणभर उशिरा येतो, तर पॅड चिकटले आहे किंवा स्प्रिंग मंदावली आहे.

या सूत्रामागील कारण सोपे आहे. वरचा स्वर वाजताना हवेचा स्तंभ आखूड असतो आणि खालच्या चाव्यांचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही. सर्वांत खालच्या स्वरासाठी मात्र जवळजवळ सर्व रंध्रे पूर्ण बंद असावी लागतात. वाटेत केसाएवढी फट राहिली तरी तो स्वर ढासळतो. रजिस्टर चावी दाबून मधल्या सप्तकातून वरच्या सप्तकात जाताना नेमकी हीच सर्व रंध्रे एकदम बंद करावी लागतात. विद्यार्थी येथेच अडखळतो आणि शिक्षकाला ते बोटांचे वा दमाचे अपयश वाटते. तेच वाद्य अनुभवी वादकाला वाजवायला देऊन आणि विद्यार्थ्याला दुसरे वाद्य देऊन खरे कारण पाच मिनिटांत वेगळे करता येते.

५. पाणी : लक्षणे आणि उपाय

जमलेले पाणी वरच्या भागात सर्वाधिक असते. ते नळीच्या भिंतीवरून एका ठरावीक वाटेने ओघळते आणि एकदा वाट ओली झाली की पुढचा थेंबही तीच वाट धरतो. त्या वाटेवर एखादे स्वररंध्र आले तर पाणी त्यात शिरून पॅडखाली अडते. डाव्या करंगळीने उघडायचे सी शार्प-जी शार्पचे रंध्र आणि उजव्या बाजूच्या चाव्यांची रंध्रे यांत हा त्रास विशेष आढळतो. रजिस्टर चावीच्या रंध्रात बसविलेली बारीक नळी मुख्य पोकळीत थोडी पुढे आलेली असते, त्यामुळे ओघळणारे पाणी सहसा तिला वळसा घालून जाते.

तातडीचा उपाय म्हणून ती चावी उघडून रंध्रावर तिरपी, जोरदार फुंकर मारावी. नंतर पॅडखाली टीपकागदाचा किंवा सिगारेटच्या पातळ कागदाचा कपटा ठेवून चावी हलकेच बंद करावी, पाणी टिपू द्यावे आणि चावी उघडूनच कागद काढावा. दाबलेल्या पॅडखालून कागद ओढल्यास पॅडवरील पातळ पापुद्रा फाटतो. त्यानंतर दोरीला बांधलेले मऊ सुती फडके नळीतून आरपार ओढावे. तोच त्रास त्याच रंध्रात पुन्हा पुन्हा होत असेल, तर नळी पूर्ण कोरडी करून पाण्याची जुनी वाट मोडणे आवश्यक असते.

प्रतिबंधक उपाय अधिक महत्त्वाचे आहेत. थंडीत वाद्य वाजविण्यापूर्वी वरचा भाग व बॅरल काही मिनिटे काखेत किंवा कपड्याखाली धरून कोमट करावेत. दर पंधरा मिनिटांनी फडके फिरवावे. वाद्य टेबलावर ठेवताना चाव्यांची बाजू वर ठेवावी, म्हणजे पाणी पॅडकडे जाणार नाही. हीटर, शेगडी किंवा ऊन यांचा उपयोग वाळविण्यासाठी कधीही करू नये. त्याची कारणे पुढे लाकडाच्या विवेचनात आली आहेत.

६. पत्ती

पत्ती ही वनस्पतिजन्य वस्तू असल्याने ती हवेतील ओलावा घेते आणि सोडते. पावसाळ्यात ती फुगलेलीच राहते. आवाज बोदा येतो व जास्त जोर लागतो. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकची दुपारची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. त्या वेळी ओली केलेली पत्ती दोन तुकड्यांच्या मधल्या विश्रांतीतच सुकते, तिचे टोक लाटेसारखे वाकते आणि वाद्य किंचाळते.

यावर निदान आणि उपाय एकच : पत्ती बदलून पाहावी. दोष नाहीसा झाला तर पुढे शोध घेण्याचे कारण उरत नाही. टोक वाकले असेल तर पत्ती पाण्यात भिजवून, सपाट काचेवर अंगठ्याने हलकेच दाबून धरल्यास ती बहुधा पूर्ववत होते. तीन-चार पत्त्या आळीपाळीने वापराव्यात आणि वापरानंतर पुसून सपाट पृष्ठावर ठेवाव्यात. पत्ती माऊथपीसलाच बांधून ठेवण्याची सवय पत्तीला व माऊथपीसला सारखीच हानिकारक आहे. माऊथपीस बहुधा एबोनाइटचे असते. ते कोमट पाण्यानेच धुवावे, कारण गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो.

७. गळती

पॅड म्हणजे पुठ्ठ्यावर बसविलेली नमद्याची चकती असून तिच्यावर प्राण्याच्या आतड्याचा पातळ पापुद्रा चढविलेला असतो. चामडी, बुचाची आणि कृत्रिम पॅडही वापरात आहेत. सततच्या ओलाव्याने नमदा फुगतो व पॅड रंध्राच्या काठावर समतल बसत नाही. कोरड्या हवेत पापुद्रा कडक होऊन कडेला फाटतो. दोन्ही प्रकारांत परिणाम एकच, हवा निसटते.

तपासणीसाठी वाद्याचे भाग सुटे करावेत. वरच्या भागाची बोटांची सर्व रंध्रे बोटांनी झाकावीत, खालचे तोंड तळहाताने बंद करावे आणि वरून हवा शोषून घ्यावी. भाग निर्दोष असेल तर आतील निर्वात काही सेकंद टिकतो आणि ओठ सोडताच ‘पट्’ असा आवाज येतो. खालच्या भागासाठी हीच कृती, नेहमी उघड्या राहणाऱ्या चाव्या करंगळीने दाबून, करावी. गळती आढळल्यास पातळ कागदाची पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी प्रत्येक पॅडखाली चारही बाजूंनी ठेवून, चावी आपल्या नेहमीच्या दाबाने बंद होऊ देऊन, ती हलकेच सरकवून पाहावी. एका बाजूस पट्टी घट्ट आणि दुसऱ्या बाजूस सैल लागत असेल, तर तेच दोषाचे स्थान होय. पॅड बदलणे व बसविणे हे कारागिराचे काम आहे; परंतु नेमके कोणते पॅड, हे सांगता आल्यास सरसकट सर्व पॅड बदलण्याचा खर्च टळतो.

चिकटणाऱ्या पॅडमागे बहुतेक वेळा लाळेतून येणारी साखर असते. चहा किंवा गोड पदार्थ घेतल्यावर चूळ भरूनच वाद्य हाती घ्यावे. पॅडवर पावडर टाकण्याचा उपाय क्षणिक होय. पावडर ओलाव्यात मिसळून थर धरते. मंदावलेल्या चावीचे आणखी एक कारण म्हणजे पावसाळ्यात गंजलेली पोलादी स्प्रिंग. तेथे कितीही कागद फिरविला तरी उपयोग होत नाही.

८. लाकूड

उत्तम प्रतीची क्लॅरिनेट आफ्रिकेतील टांझानिया, मोझांबिक या देशांत मिळणाऱ्या काळ्या लाकडापासून बनते. त्याचे शास्त्रीय नाव डालबर्जिया मेलॅनोक्सिलॉन. म्हणजे आपल्याकडील शिसवीच्याच प्रजातीतील हे झाड. लाकूड कितीही घट्ट असले तरी ते ओलाव्याने आडव्या दिशेत फुगते आणि कोरडेपणाने आक्रसते.

धोका उद्भवतो तो आतील व बाहेरील थरांतील फरकामुळे. डिसेंबरच्या पहाटे उघड्यावर वाद्य वाजविले असता आतला थर उष्ण, ओलसर श्वासाने प्रसरण पावतो, तर बाहेरचा थर थंड व कोरडा राहतो. बाहेरच्या पृष्ठावर ताण येतो आणि तो सहन न झाल्यास लाकूड तंतूंच्या दिशेने तडकते. बहुतेक तडे वरच्या भागात, स्वररंध्रांच्या काठाशी आढळतात. ओले वाद्य उन्हात ठेवले तर बाहेरचा थर वेगाने सुकून असाच ताण निर्माण होतो. नवे वाद्य आरंभीचे काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटेच वाजवावे, हा संकेत याच कारणाने रूढ झाला आहे.

एबोनाइट व प्लास्टिकची वाद्ये ओलाव्याने तडकत नाहीत, म्हणून बँडसाठी ती सोयीची ठरतात. त्यांच्यातही पाणी मात्र तेवढेच साचते. एबोनाइट दीर्घकाळ उन्हात राहिल्यास हिरवट-तपकिरी पडते.

९. नाशिकचे ऋतुमान आणि वाद्याचे वेळापत्रक

जिल्ह्यातील हवामान एकसारखे नाही. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सिन्नर, येवला हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. एकच वाद्य इगतपुरीच्या शिबिरातून येवल्याच्या कार्यक्रमाला नेले तर त्याला ऋतुबदलाएवढा फरक सोसावा लागतो.

लग्नाच्या बँडचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. चातुर्मासात, गणेशोत्सवाचा अपवाद वगळता, अनेक वाद्ये पेटीत पडून राहतात. म्हणजे सर्वाधिक दमट महिन्यांत वाद्याला हवा लागत नाही आणि सर्वाधिक थंड महिन्यांत ते उघड्यावर वाजते. महाविद्यालयांतही उन्हाळी सुटीत बंद झालेले कपाट जुलै-ऑगस्टमध्ये उघडले जाते. पेटीत ओले फडके राहिले असेल तर बुरशी ठरलेलीच. तिच्याकडे केवळ अस्वच्छता म्हणून पाहू नये. न धुतलेल्या बॅगपाइपमधील बुरशीशी निगडित फुप्फुसविकाराने एका वादकाचा मृत्यू झाल्याची नोंद ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. सामायिक वाद्याच्या बाबतीत ही जबाबदारी संस्थेची ठरते.

म्हणून पुढील वेळापत्रक सुचविता येईल. जून ते सप्टेंबर : आठवड्यातून एकदा पेटी उघडून वाद्याला सावलीत हवा द्यावी, पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी, फडके पेटीबाहेर वाळवावे, स्प्रिंगा तपासाव्यात. ऑक्टोबर : सिलिका जेल काढून घ्यावे आणि हंगामापूर्वी गळतीची तपासणी करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी : वाजविण्यापूर्वी वाद्य कोमट करावे, फडके वारंवार फिरवावे. मार्च ते मे : पेटी उन्हात किंवा बंद वाहनात ठेवू नये, सांध्यांच्या बुचाला ग्रीस लावावे, धातूची कडी सैल झाल्यास वाद्य वाजविणे थांबवून कारागिराला दाखवावे. साधारणतः ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता लाकडी वाद्यास मानवते. पावसाळ्यात ती कमी करणे आणि उन्हाळ्यात फार घटू न देणे, एवढाच या सर्व उपायांचा हेतू आहे.

१०. निष्कर्ष

१. नळीत साचणारे पाणी श्वासातून येते. त्यामुळे गुळगुळ आवाजाचा दोष पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात अधिक संभवतो.

२. पावसाळी दमटपणाचा परिणाम पत्ती, पॅड, स्प्रिंगा व लाकूड यांवर होतो आणि न वापरलेल्या वाद्यात तो अधिक असतो.

३. दोष किती स्वरांत आहे व तो केव्हा सुरू होतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून बहुतेक वेळा कारण निश्चित करता येते.

४. तपासणीचा क्रम नळी पुसणे, पत्ती बदलणे, माऊथपीस पाहणे, सुट्या भागांची गळती तपासणे आणि शेवटी प्रत्येक पॅड तपासणे असा असावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा कोणत्या बदलाने दोष गेला हे कळत नाही.

५. संगीत विभागाला पदार्थविज्ञान विभागाचे साहाय्य येथे सहज घेता येईल. तापमापक, आर्द्रतामापक आणि एक नोंदवही एवढ्या साधनांवर विद्यार्थ्यांना वर्षभराचा प्रकल्प करता येण्याजोगा आहे.

हे सर्व पाहून झाल्यावरही स्वर लागत नसेल, तर वादकाचे ओठ, बोटे आणि श्वास यांच्याकडे वळावे. विद्यार्थ्याविषयीचे मत वाद्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत राखून ठेवणे, हे शिक्षकाचे कर्तव्य होय.